हातचा एक

…आणि बूट असू द्या तसेच, अमेमिया सान, सरळ करत बसू नका, बघायला येतंय कोण इथे — या, दुलईखाली पाय घाला, टेबलाखालची शेगडी सकाळपासून लावून ठेवलीय, बोटं बघा कशी लाल झालीत तुमची. चहा घ्या. घ्याच. घाई नाही म्हणालात ना आत्ता दारात, शेवटचा मंगळवार म्हणून? इतके दिवस हेच चाललं — दह्याच्या दोन बाटल्या माझ्या हातात द्यायच्या, ‘शिमोदाइरा सान, काही फरक नाही ना?’ म्हणायचं, मी ‘नाही’ म्हटलं की स्कूटर चालू. बाटली हे निमित्त, म्हातारा जिवंत आहे की गेला ते बघून पालिकेला कळवायचं, हे मला काय ठाऊक नाही? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. लाजू नका, वाईट काय त्यात. आता पहिल्या तारखेपासून तुमच्याऐवजी फोन. आणि हो, बाकीचं पण ऐकलं मी, कान शाबूत आहेत — मी स्वतःच्या तोंडानं ‘अडचण आहे’ म्हटलं तर तुमचं येणं चालू राहील, नाहीतर फोन. सांगतो ना. आधी चहा.

त्या फोनमधल्या पोरीला ओळखतो मी. म्हणजे तिला नाही, तिच्या जातीला. मी काय करायचो ते कधी सांगितलं नाही ना तुम्हाला? तुम्हीही विचारलं नाहीत — टोमणा नाही हो, बोलायची वेळच कधी आली. तळ्यापलीकडे आता बुटांचं मोठं दुकान आहे ना, तिथे आमचा कारखाना होता, कॉम्प्युटर बनायचे. मी आतलं लिहायचो. कसं सांगू — कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असतो, कर्नल म्हणतात त्याला. बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे नुसती ओसरीवर बसलेली माणसं, त्यांच्या हातात काही नाही. फाइल उघडायची, मारा कारभाऱ्याला हाक. पडद्यावर अक्षर काढायचं, मारा हाक. सिस्टिम कॉल. आणि ही हाक मारायची ती असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या बोलीत — रुक्ष बोली, कुणाला आवडत नाही, मला आवडायची. हाका शेकड्यांनी. एकेक हातानं लिहीत बसलो असतो तर म्हातारा झालो असतो — तो काय तसाही झालोच. म्हणून साचा करायचा. मॅक्रो. जत्रेत तो ताइयाकीवाला नसतो का, पीठ ओतलं, साचा मिटला, उघडला की मासा — तस्सं. हाकेचं नाव ओता, हाक तयार. आमच्या यंत्राच्या लायब्ररीतले सगळे साचे या शिमोदाइराचे. सगळे मिळून एका पानात मावायचे.

पण मेख पुढे आहे, ऐका. कारभारी उत्तर देतो ते आकड्यात — ‘उघडली फाइल, तिचा नंबर पाच.’ आणि नकार देतो तोही आकड्यातच — ‘अशी फाइलच नाही’, म्हणजे दोन. दोन्ही आकडे ठेवतो एकाच जागी. मग होकार कुठला नि नकार कुठला, कळावं कसं? शाळेत बेरीज करताना ‘हातचा एक’ म्हणायचात ना? यंत्रातही हातच्याची जागा असते, एवढीशी, एक किंवा शून्य, बस. कारभाऱ्याला ‘नाही’ म्हणायचं असलं की तो गुपचूप तिथे एक ठेवून देतो. तोंडानं बोलत नाही. तेव्हा आकडा वाचायच्या आधी हातचा बघायचा. हातचा असला तर तो आकडा म्हणजे उत्तर नव्हे, ती तक्रार. माझा पहिला साचा हे बघायचा. दुसरा साचा बघायचा नाही, कारण काही प्रश्नांना नकारच नसतो — ‘माझा नंबर काय’, ‘माझा बाप कोण’, म्हणजे मला सुरू केलं कुठल्या प्रोग्रॅमनं. बाप मेला असला तरी कारभारी पहिल्या नंबराच्या प्रोग्रॅमचं नाव देतो, बेवारस कुणाला ठेवत नाही, तेवढी माया आहे त्याच्यात.

आणि ओसाकाच्या एका शहाण्यानं काय केलं — नाव नाही सांगत, आजोबा झालाय आता — फाइल उघडायची हाक दुसऱ्या साच्यातनं काढली. फाइल नव्हतीच. कारभारी म्हणाला ‘दोन’, शेजारी हातचा ठेवला, आणि बघतो कोण? प्रोग्रॅमला वाटलं, वा, फाइल उघडली, नंबर दोन. आणि आमच्यात दोन नंबर म्हणजे नेमकी ती वाट, जिथनं तक्रारी पडद्यावर येतात. गिऱ्हाईक मिसो आंबवणारं. त्यांच्या गोदामातल्या पिंपांची यादी सगळी फाइलीत जायची, ती धो धो पडद्यावर सांडायला लागली, आणि प्रोग्रॅम आपला खूश, काम झालं म्हणून — हसा, हसा, हसायचंच आहे ते. आम्ही पण हसलो. दोन दिवसांनी.

तर ही फोनवाली पोरगी. ‘बरं असेल तर एक दाबा, नेहमीसारखं असेल तर दोन, बरं नसेल तर तीन.’ गोड आवाज. मागच्या आठवड्यात तिची चाचणी होती, मी तीन दाबलं. मुद्दाम हो, बघावं म्हटलं हिचा साचा कुठला. म्हणाली, ‘धन्यवाद, आजचा दिवस आनंदात जावो.’ आणि ठेवला. झालं. कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही. हातचा कुणी बघतच नाही तिथे. मी तसाच पडल्या पडल्या म्हटलं, बाई गं, तू त्या ओसाकावाल्याची पोरगी दिसतेस —

अं? पडल्या पडल्या, म्हणजे, फोन कपाटावर आहे ना, वायर ओढली की खाली येतो. का ओढली… बसलो होतो जरा. पडवीत. लादी गार असते, पायमोजा घसरतो, कुणाचाही घसरेल. नाही, फार वेळ नाही. रॉकेल विकायला येते त्या गाडीचं गाणं येताना ऐकलं आणि जातानाही ऐकलं, तेवढ्यात उठलो. तोंडाला रुमाल कशाला लावता, सांगितलं ना उठलो. उठलो म्हणून तर चहा करून देतोय.

चिनात्सुला? तिला कशाला. सेंदाईला दोन पोरं, नोकरी, सासू. दर रविवारी फोन करते, चांगली आहे मुलगी. ‘बाबा, बरं आहे ना?’ आता बघा, त्या ‘ना’मध्येच उत्तर आहे, मला काय उरतं? ‘बरं आहे’ म्हणतो, तिचा जीव भांड्यात पडतो. सांगितलं तर उचलून नेईल सेंदाईला, हात दाखवून अवलक्षण. आणि तुमचं तरी वेगळं काय — ‘काही फरक नाही ना?’ तुम्हीही ‘ना’वाल्याच. फक्त तुम्ही, अमेमिया सान, माझं ऐकत नाही. विचारता आणि इकडेतिकडे बघता. गेल्या पावसाळ्यात खिडक्यांच्या झडपा उघडल्या नव्हत्या, मी ‘काही नाही’ म्हणालो आणि तुम्ही न बोलता आत येऊन उघडल्यात, कपाळाला हात लावलात. ताप होता. आईनंतर कुणी लावला नव्हता — म्हणजे बायकोही होती, पण ती थर्मामीटरवाली.

खरं सांगू? एकटं वाटतं. आठवड्यात तुमच्याशी चार शब्द, तेवढेच. मंगळवारी मी दाढी करतो. तुम्हाला वाटत असेल म्हातारा टापटिपीचा आहे — बाकीचे दिवस येऊन बघा… येणारच नाही तुम्ही आता, पण.

काय? आत्ताच सांगायला हवं? हं. पालिकेला ‘अडचण आहे’ एवढंच कळवायचं. एवढेच शब्द.

पलीकडे त्या हिसामात्सु आजी आहेत, डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्याकडे जाताच ना तुम्ही? त्यांना गरज. मला हात आहेत, पाय आहेत, जाड मोजे आणलेत नवे. विचारा, नेहमीसारखं विचारा.

नाही. काही अडचण नाही.

ऐकलंत ना? मग निघा. आजी वाट बघत असतील, बाटल्या गोठतील बाहेर. दार ओढून घ्या, थंडी येते. कप राहू द्या, मी उचलतो, उचलतो म्हटलं ना — सांडला जरा, जड आहे कप. हातावरची पट्टी? ती आपली थंडीची. शिमोदाइरा सान म्हणाले ‘काही अडचण नाही’, असं सांगून टाका पालिकेला, झालं.

अहो, बसलात काय परत? माझ्या तोंडाकडे बघा, अमेमिया सान. हाताकडे काय बघताय.