बोली एकोणसाठशेची

दोन हजार तेवीसचा मे महिना, उन्हाळा ऐन भरात. अकोटच्या गोपाळच्या दुकानातून मी कूलर उधार नेला होता. बोली झाली होती पाच हजार आणि वरून टॅक्सचे नऊशे. आठवड्यानं पैसे द्यायला गेलो, तर त्याच्या नव्या कॉम्प्युटरनं बिल पाच हजाराचंच काढलं.

गोपाळ म्हणाला, “काका, हा कॉम्प्युटर टॅक्स धरूनच पाच हजार दाखवून राह्यला. नऊशे वाचले तुमचे.”

“बोली कॉम्प्युटरसंगं झाली होती का तुयासंगं?”

“कॉम्प्युटर चुकत नाही, काका.”

“मंग सरकारले टॅक्स कोण भरन?”

“मलेच भरा लागन. याच पाच हजारातून.”

“म्हणजे हवा मी खाऊ अन् टॅक्स तू भरशील?”

गोपाळनं मागची बिलं उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. “काका, हा बसवल्यापासून सगळा माल असाच गेला!”

“त्याचं तू पाह्य. माह्यं बिल नीट कर.”

त्यानं दुसरं बिल काढलं. मी एकोणसाठशे रुपये त्याच्या हातावर ठेवले.