बारावा गुण

नाही, चीज नंतर. आधी ऐका. डायनासोर इथे नाहीत, फळीखालीही नाहीत, कशाला वाकताय? ‘जुरासिक’ नाव वाचून आलात ना? सगळे तसेच येतात. ही खिडकी बघा — गाई चरतायत तो डोंगर म्हणजे जुरा. फार जुन्या बोलीत अर्थ काय, तर रान. बस, रान! एका जर्मनाने इथला चुनखडक बघून त्याला डोंगराचं नाव दिलं, खडकावरून ते काळाला लागलं, आणि डायनासोर बिचारे शेवटी आले — भाडेकरू! अन्सेल्मकाका, म्हणजे आमच्या दूध सोसायटीचे अध्यक्ष, गावभर सांगतात की डायनासोरांवरून डोंगराला नाव पडलं. भाडेकरूवरून घरमालकाचं आडनाव पडतं का कधी? मी पाच वर्षं कॉलेजात खडक शिकले ते हे ऐकायला?

म्हणून हे सगळं लिहून दुकानाबाहेर पाटी लावली. तर सोसायटीने तिची परीक्षा घेतली — चीजच्या मोठ्या गोल चाकाची घेतात तशी, वीसपैकी. काकांनी हातोडीने ठोकून, कान लावूनसुद्धा पाहिलं. अकरा गुण! बाराच्या आतल्या चाकाला इथलं नाव लावत नाहीत, मग पाटीला कसं? उद्या ती उतरणार आणि तिथे प्लास्टिकचा डायनासोर बसणार. काका म्हणाले, “ओडेट, एक तरी पाहुणा आपणहून थांबून हा शब्द कुठून आला ते मला सांगू दे, बारावा गुण देतो.” दोन महिने झाले, कुणी थांबेल तर शपथ.

तुम्ही थांबलात. आपणहून. — वळणावर? हात हलवून कुणी थांबवलं? हिरव्या डायनासोरने? असेल कुणी टवाळ. लंगडत वगैरे नव्हता हं, त्या पंजात माझा बूट मावतच नाही — म्हणजे, कुणाचाच मावला नसता. पंजा सोडा हो. शब्दाचं बघा.

ऐकलंत? तळघरातली ठकठक थांबली. काका चाकं ठोकून वर येतायत. पटकन म्हणा — डोंगरावरून खडक, खडकावरून काळ. शाबास. मग असे खाली काय बघताय? माझ्या ॲप्रनखाली...

या काका. हे पाहुणे, आपणहून थांबलेत, विचारा काय ते — शेपूट? कुठली शेपूट? ही होय. ही यांची आहे. घ्या हो साहेब, तुमची शेपूट विसरत होतात. आणि निघा आता, बारा वाजले, दुकान बंद.