ओवीखालचं नाव

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात गणिताचे प्राध्यापक आकाराम भोईटे रहिमतपूरच्या स्टँडवर सांगली गाडीच्या रांगेत उभे होते. आपल्या गणितातल्या निबंधांचा आधार कुठल्या कुठल्या देशांत घेतला गेला, हे त्यांना तोंडपाठ होतं. जात्यावरच्या ओव्यांवरचा लेख मात्र कुणी उघडलाही नसेल, अशी त्यांची खात्री होती. तेवढ्यात पुढच्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

"अंबूबाई, सांगलीला काय काढलंस गं?"

"त्या गणिताच्या परफेसरकडं निघालीया. मी सांगितलेली ओवी त्यानं छापली, आन खाली माजं नाव घातलं."

प्राध्यापकांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

"मग चांगलं झालं की!"

"कसलं चांगलं? सासूचा उद्धार केलाय त्या ओवीत. गुरुजींनी पारावर मोठ्यांदा वाचली, आन सासू म्होरंच बसलेली."

"आगं बया! लय भडकली आसंल."

"भडकली तर! म्हनली, ओवी माजी, मग नाव तुजं कसं? मी माज्या सासूवर म्हनायची ती."

"मंग आता तिचं नाव घालाय सांगनार व्हय?"

"तेवढ्यानं भागंना. तिनंबी ती तिच्या सासूच्या तोंडातनंच उचलली म्हनं."

"मंग गं?"

"तिघींचीबी नावं घाल म्हनून सांगनार. आन खाली एक ओळ मोकळी सोड म्हननार. औंदा माज्या लेकाचं लगीन हाय."