तलावावरच्या डब्याची दोन बटनं

"राजदीपच्या डब्यानं तलावात करंट सोडला, म्हणून मासोळ्या—" एवढंच आइकू आलं मले हापशीवर, साहेब. मी घागर घेऊन गेली अन् बाया चूप. अर्धं आइकून माझ्यानं राहवते का? नाई राहवत. तुमच्या मासोळी खात्याच्या चौकशीच्या कागदातबी हेच हाये का? — बसा ना खाटेवर, चहा झालाच. राजदीप नाई भेटणार, तो ऊर्जानगरले वीज केंद्रात ड्यूटीवर. कंत्राटीच हाये, पण मीटर दुरुस्त करावं तं त्यानंच. तलावावरच्या मासोळी सोसायटीच्या खोलीत त्यानंच बसवला तो डबा — पाण्यातला ऑक्सिजन मोजते, कमी झाला की पाणी घुसळायचे पंखे आपोआप चालू करते. बाकीच्या तलावांचं काम तुम्ही त्यालेच देणार होते ना? आता नाई देणार म्हणते लोक.

करंट पाण्यात नाई गेला. हे लिहा. मासोळ्या दम कोंडून मेल्या. चार दिवस आभाळ होतं, आभाळ असलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतेच — पण डबा म्हणे भरपूर हाये, अन् पंखे सुरूच नाई झाले. मले कसं ठाऊक? त्यानंच सांगितलं, डबा खोलून पाह्यल्यावर. तिथं दोन बटनं हाये — लहान डब्याचं, मोठं पाण्यात सोडलेल्या मोजायच्या नळीचं. आधी लहान, मंग मोठं. उलटं केलं तं डबा झोपून राह्यते अन् नळीचा करंट वायरीतून त्याच्या अंगात घुसते, आतला मोजायचा भाग दुखावते. मंग मागून सरळ लावलं तरी तिथून जराजरा करंट लीक होतच राह्यते, अन् तेवढा आकडा फुगते. दोन असलं तं सहा दाखवते. म्हणजे करंट लीक झाला हे खरं हाये, साहेब. पण डब्याच्या आतल्या आत.

उलटं कोणं केलं? आता — पोळ्याच्या दिवशी लाईन गेली होती. खोलीची चाबी माझ्यापाशीच राह्यते, शेजारीन हाये ना मी त्याची. लाईन आली की बटनं मी लावते. भिंतीवर एक-दोन लिहून देल्लं होतं त्यानं, पण माझी पुरणपोळी तव्यावर. आमच्या मोटारपंपाले आधी मोठं मेन, मंग स्टार्टर — हाताले तेच वळण. गेला हात मोठ्यावर. लगेच ध्यानात आलं, बंद करून पुन्हा सरळ लावलं. मले वाटलं, मिटलं.

मंग मासोळ्या मेल्यावर त्यानं इचारलं, "काकू, आधी लहानच दाबलं ना?" मी हो म्हटली. म्हणे, मंग माझ्याच जोडणीत चूक असंन. दोन दिवस जेवला नाई तो.

सांगू कशी? तक्रारीवर सही आमच्या घरधन्यायची हाये — मनसाराम, सोसायटीचे अध्यक्ष. पंचवीस घरायची मासोळी गेली, साऱ्यायसमोर त्यायनं राजदीपचं नाव घेतलं. आता त्यायच्याच घरातून — पेन काऊन थांबलं? लिहा. नाई, थांबा, नका लिहू. माझं नका अन् त्याचंबी नका. असं नाई होत का? एक नाव लागतेच?

ते पाहा, बांधावरून येऊनच राह्यले ते. कप द्या इकडे. मी तुम्हाले चहा पाजला, बाकी काई नाई. निघा तुम्ही. अन् राजदीपची माय दारातच बसून राह्यते — तिच्याकडं पाहू नका जाताना.