मायच्या मशीनचं तेल

मशीन जाम व्हायचं असं कारण तुमी कधी ऐकलं नसंल. माय गेली, अन् आमच्या वडलांनी, दादांनी, तिच्या शिलाई मशीनची देखभाल अंगावर घेतली. दर बाजाराच्या दिवशी फडक्यानं पुसायचे, छिद्राछिद्रात तेल सोडायचे. तरी वर्षात मशीन गच्च झाली. मी कळमनुरीहून मेस्त्री बोलावला.

त्यानं झाकण उघडलं. "काका, तेल तर बक्कळ हाय. पण घातल्यावर चाक फिरवता का न्हाई?"

"न्हाई."

"मंग तेल जागच्या जागी चिकट व्हनारच की! माहीत नव्हतं का?"

"माहीत हाय. तिनंच शिकवलं व्हतं."

माझं डोस्कं फिरलं. "मंग काहून न्हाई फिरवलं, दादा? एका हाताचं तर काम!"

दादांनी सुईकडं बोट केलं. मायनं शेवटी शिवायला घेतलेलं माझ्या लेकीचं झबलं तिथं अर्धंच होतं. सुई अजून कापडात रुतलेली.

"चाक फिरवलं की पुढचा टाका पडंल," दादा म्हणाले. "अन् तो तिचा नसंल."

मेस्त्रीनं झाकण तसंच परत लावलं.