कागद आतून लावतात

हॅलो?

…कोण? कचेरीतून? …जुन्या घरांचा जतन विभाग? बरं झालं, तुम्हीच फोन केलात. मग आधी माझं ऐका. तुम्ही लोकांनी माझ्या घराची कागदाची दारं नासवलीत. न विचारता, घरात कुणी नसताना, आणि वर उलटी!

…हो, उलटी. बरोबर ऐकलंत. …मी? मी माल्सुन. टेकडीखालचं शेवटचं घर. हानुलची आई म्हटलं की गावात कुणीही दाखवेल. …नाही, नाही, तक्रार नोंदवून घेऊ नका. तीन आठवडे मी फोन करतेय, तिकडं नुसतं संगीत वाजतं. आता माणूस सापडलंय तर ऐकून घ्या.

…जरा मोठ्यानं बोला. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलाय. दोन्ही हात खळीनं बरबटलेत. …खळ हो, गव्हाच्या पिठाची! दारांना कागद लावतेय. आजचा दिवस कोरडा आहे, ऊन मऊ आहे, असा दिवस छुसॉकच्या सणाआधी एखादाच मिळतो. नंतर मग पितरांची पानं मांडायची, की दारं घेऊन बसायचं?

…उद्या? कोण येणार उद्या? …परत तीच माणसं? …थांबा. थांबा जरा.

अहो! तुम्ही उठू नका. बसून राहा, मी देते. …नाही, तुम्हाला नाही म्हटलं, आमच्या ह्यांना म्हटलं. चटईवर मिरच्या वाळत घालतायत. घालतायत कसल्या, एका हातानं एकेक मिरची सरळ करत बसलेत, जशा काही त्या परेडला उभ्या राहणार आहेत.

हां, बोला. उद्या सकाळी नऊला तुमची माणसं, आणि शनिवारी महोत्सव. फोटोवाले येणार. म्हणून गल्लीतली सगळी दारं एकसारखी पांढरीशुभ्र दिसली पाहिजेत. असंच ना? …मग सांगते मागच्या वेळी काय झालं ते.

ऑगस्ट संपता संपता आम्ही दोघं दवाखान्यात गेलो होतो. ह्यांच्या उजव्या हाताचा व्यायाम असतो तिथं, दर मंगळवारी. …हो, दोन वर्षं झाली, अर्धांगाचा झटका आला होता. आता बरे आहेत. तर संध्याकाळी परत येऊन बघते, तर दाराची लाकडी जाळीच गायब! …चोरी कसली? जाळी जागेवरच होती, पण तुमच्या माणसांनी कागद बाहेरून लावलेला. बाहेरून! घर बघून मला वाटलं, डोळे मिटून झोपलेलं माणूस आहे.

…अहो बाई, कागद आतून लावतात. खोलीच्या बाजूनं. लाकडाची जाळी अंगणाला दिसते आणि पाऊस आधी लाकडावर पडतो. तुम्ही तो बाहेर लावलात. चार दिवसांनी वादळ आलं, तुमचा कागद भिजलेल्या धोतरासारखा लोंबायला लागला. शेजारच्या पाच घरांत तेच. त्यांनी भिऊन तोंड उघडलं नाही, म्हणून कुणालाच काही झालं नाही असं धरू नका.

…आणि खळ नाही, डबाबंद डिंक! बघा, आता माझी नखं बघायला हवी होती तुम्ही. खळ असली तर पाणी मारलं की कागद आपणहून सुटतो, सालीसारखा. हा डिंक तीन दिवस ओल्या फडक्यांनी पोसला तेव्हा कुठं निघाला. आणि दाराच्या कडेला बोटभर कागद मोकळा सोडतात ना, वारा अडवायला? तो कापून टाकला, कडा स्वच्छ दिसाव्यात म्हणून. यंदाच्या हिवाळ्यात तो वारा तुमचे साहेब घेणार का अंगावर?

…साहेब बैठकीत आहेत. असणारच. दारं लावायला कुणी लागत नाही, बैठकीला लागतात.

…हं? …नाही, ओरडत नाहीये मी. माझा आवाजच असा आहे. खरं सांगू, आज मी खुशीत आहे. राग वेगळा, खुशी वेगळी. सकाळपासून घर मोकळं केलं. बांबूचे पडदे गुंडाळून ठेवले, वेताची चटई पुसून भिंतीला लावली, तागाच्या गार उशा धुतल्या, जाड गोधड्यांना ऊन दाखवलं. सवतीलासुद्धा माळ्यावर चढवलं.

…सवत म्हणजे सवत! बांबूची. …अहो, तुम्हाला माहीत नाही? उन्हाळ्यात पुरुष कवेत घेऊन झोपतात ती. लांब, पोकळ, विणलेली, आतून वारा खेळतो. बांबूची बायकोच म्हणतात तिला. जून ते सप्टेंबर आमचे हे तिच्याच गळ्यात पडलेले असतात. गार लागली की मग माझी आठवण! आज तिला फडक्यात बांधताना हे म्हणाले, "जरा जपून, तिची एक काडी निघालीय." माझे गुडघे निघालेत त्याचं काही नाही.

…हसलात ना? ऐकू आलं मला. वय काय हो तुमचं? …कोणत्या प्राण्याच्या सालचा जन्म? …वाघाच्या? मग माझ्या हानुलच्याच वयाची गं तू! उगाच अहो-जाहो करत बसले. नाव काय? …युरिम. बरं, युरिम. ऐक मग.

…नाही, हानुल पुसानला असते. सणाला येईल, एक रात्र. ती यायच्या आत दारं हवीत मला.

तर तुझी माणसं उद्या येऊन काय करणार? …हो, पण मी लावलेला कागद? …फाडून? …सगळी एकसारखी दिसायला हवीत म्हणून फाडणार? …अगं, दारं एकसारखी करताय, माणसांचं काय करणार? त्यांनाही पांढरा कागद लावा बाहेरून.

…नियम कुणाचा? …नाही, तो नियम मी वाचलाय. मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण कागद दिला की वाचते. त्यात लिहिलंय, जुन्या पद्धतीनं राखावं. ही पद्धत जुनी नाही, ही चुकीची आहे. …बाहेरून लावा असं कुठं लिहिलंय? …कामगारांच्या सूचनांत? आणि त्या सूचना कुणी लिहिल्या?

…काय म्हणालीस?

…तू?

…अगं, रडतेस कशाला? मी अजून काही बोललेही नाही. …हं. …हं. फोटो बघून. …कसला फोटो? जाळी खोलीच्या आत आणि कागद बाहेर, असा होता? …अगं पोरी, तो समुद्रापलीकडच्या लोकांचा फोटो! त्यांच्याकडं तसंच असतं. त्यांच्या घरात ते बरोबर. आणि तू तो बघून आमच्या अख्ख्या गल्लीला…

…थांब, हसू दे जरा मला. अहो! ऐकलंत का? ही पोर म्हणते, फोटो बघून केलं! …हे पण हसतायत. मिरची सांडली हातातली.

…तू वाढलीस कुठं? …बाराव्या मजल्यावर. मग दाराला कागद कधी बघितलास? …सहलीला. झालं तर! दोष तुझा अर्धा. उरलेला अर्धा त्याचा, ज्यानं बाराव्या मजल्यावरच्या पोरीला कागदाची दारं सांभाळायला बसवलं, आणि एकदाही अंगणात पाठवलं नाही. हे साहेबांना सांग. माझं नाव घेऊन सांग.

चुका माझ्याही झाल्यात. नवी सून होते. कागद ताणून ताणून चिकटवला, वर पाणी फवारलं, आणि लवकर वाळावं म्हणून दार भर उन्हात उभं केलं. जेवायला बसलो आणि फाट्! सासूबाई म्हणाल्या, "बंदूक कुणी झाडली?" कागद सैल लावायचा असतो, सावलीत वाळवायचा. वाळता वाळता तो आपणच ढोलासारखा ताठ होतो. आता हे बोट मारते, ऐक… ऐकलंस? हे पहिलं दार. सकाळी लावलं.

…हो, पण ह्यात मला खरं लागलं ते वेगळंच. ते विचारायचंय तुला. तुझ्या माणसांनी जुना कागद काढला, तो कुठं टाकला?

…ट्रकमध्ये. मग? …जाळला. …हं.

…नाही, सांगते. दाराच्या कडीजवळचा कागद सगळ्यात आधी फाटतो, हात लागून लागून. म्हणून तिथं आणखी एक तुकडा लावतात, आणि दोन कागदांच्या मधे एखादं पान नाहीतर फूल ठेवतात. हिवाळ्यात बाहेर सगळं करडं असतं, सकाळी ऊन आलं की ते पान दारात उजळतं. आमच्याकडं पान निवडायचं काम ह्यांचं. कागद माझा, पान त्यांचं. लग्न झाल्यापासून तेवढ्यावर भांडण नाही.

गेल्या वर्षीचं पान त्यांनी डाव्या हातानं लावलं होतं. झटक्यानंतरचं पहिलं काम. तिरकं बसलं. मी सरळ करायला गेले, तर म्हणाले, "राहू दे, मी केलंय." अख्खा हिवाळा मी त्या तिरक्या पानाकडं बघून उठले. …ते तुम्ही जाळलंत, युरिम.

…माफी नको. गेलं ते गेलं. आज त्यांनी तीन पानं नवीन लावलीत. तिन्ही तिरकी! एक मेपलचं, दोन कॉसमॉसची फुलं… म्हणजे पान एकच. मोजायला कशाला बसतेस? पण ती उद्या कुणी फाडली, तर मग मी आज बोलले ते काहीच नव्हतं असं समज.

…हो, चार दारं. तीन झाली. चौथं हे समोर आडवं आहे, नुसती जाळी. त्यालाच आता खळ लावणार होते.

…काय म्हणतायत हे? अहो, परत बोला. …युरिम, हे म्हणतायत, पोरीला विचार, तिला कुठलं पान आवडतं. …लाजतेस काय! …जिन्को? पिवळं व्हायला अजून महिना आहे गं. हिरवं चालेल? …चालेल म्हणते हो! …हे उठले. काठी घेऊन निघालेसुद्धा. आता हा माणूस कोपऱ्यावरच्या झाडाखाली तासभर उभा राहणार, बाजारात खरबूज निवडतात तसं.

बरं, मग ऐक. असं करते. चौथं दार मी आज लावत नाही. कागद कापून ठेवते, खळ झाकून ठेवते. उद्या नऊला तुझी माणसं आली, तर मी उंबरठ्यावर बसलेली असेन आणि उठणार नाही. फोटोवाल्यांनी माझा काढावा. पण तू एकटी आलीस, बाह्या वर करून, तर हे दार तुझ्या हातानं लागेल. आतून. कडेला बोटभर मोकळं सोडून. मग तुझ्या त्या सूचना परत लिही, आणि त्या पाच घरांची दारं तशी करून दे. जेवायला मुळ्याच्या पाल्याची किमची आहे, भात आहे.

…"बघते" नको. …"साहेबांना विचारते" तर अजिबात नको. सूचना लिहिताना विचारलं होतंस त्यांना?

रात्री आता गार पडतं. दार बसवणार तर आहेच, पण नुसत्या जाळीचं. त्याच्यामागं झोपायचंय आम्हाला, आणि सवतही माळ्यावर गेली. मी घेईन दोन गोधड्या, ह्यांना देईन तीन. पण ती थंडी कुणासाठी सोसायची, ते मला आत्ता कळलं पाहिजे.

उद्या नऊ वाजता माझ्या अंगणात कोण येणार, ते सांग. तुझी माणसं, की तू?

…हॅलो? …आहेस ना? मग बोल!