नवरीच्या एंट्रीचं व्हायोलिन

पार्श्वसंगीताने काय फरक पडतो म्हणता? मग खारबावच्या लग्नात काय झालं ते ऐका. नवरदेव विकास, महेश आणि मी, तिघंही सिनेमातल्या पार्श्वसंगीताचे वेडे. त्यामुळे नवरीच्या एंट्रीला गाणं नको, ऑर्केस्ट्राचं संगीतच हवं, असं ठरलं. महेश म्हणाला, "ट्रम्पेट लावू." मी म्हटलं, "ट्रम्पेटवर राजा येतो, नवरी नाही. व्हायोलिनच!" विकासने माझं ऐकलं आणि मी माझ्या लाडक्या सिनेमातला तुकडा डीजेला दिला.

नवरी मांडवात शिरली आणि डीजेच्या भिंतीतून व्हायोलिनं चढत गेली. आधी तिची आई रडली, मग मावश्या, मग सगळा मांडवच डोळे पुसू लागला. नवरी मध्येच थांबली. महेश माझ्या कानात ओरडला, "गाढवा, हे हिरो मरतो तिथलं आहे!"

"असू दे रे, पण रचना ऐक ना!"

तेवढ्यात नवरीचा मामा डीजेकडे धावला. "बंद कर रं ते! हळदीची गानी न्हाईत का तुझ्याकडं?" हळदीचं नाचाचं गाणं लागलं तशी नवरी नाचतच स्टेजवर आली.

मी मान खाली घालून फोटोला गेलो. नवी वहिनी हसली. "भाऊजी, तुमचा संगीतकार भारीच हाय. पण त्याला सांगा, माझा नवरा मला मिळत होता, जात नव्हता!"